टेस्ट पेज काढा, मग बोलू

पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो प्रिंटरचा वास घेत होता. गुडघ्यावर बसून, डोळे मिटून, नाक पार कागदाच्या फटीत घातलेलं. मी दारात उभा होतो. मनात म्हटलं, हा माणूस एक तर चोर असणार, नाहीतर खुळा. दोन्हीपैकी काहीही असला तरी याच्यावर नजर ठेवायचं काम माझं, कारण कॉलेजच्या सगळ्या किल्ल्या माझ्या कमरेला.

मी त्या कॉलेजात बत्तीस वर्षं शिपाई होतो. शिक्षण चौथी, तीही अर्धीच. पण कुठलं कुलूप पावसाळ्यात अडतं, कुठल्या खोलीचं दार जरा उचलून लावावं लागतं, हे मला ठाऊक होतं तेवढं प्राचार्यांना नव्हतं. बढाई म्हणून सांगत नाही, होतं ते सांगतो. प्राचार्य पाच बदलले. मामा एकच राहिला. मला सगळे मामाच म्हणायचे.

तर हा प्रिंटर दुरुस्तीवाला. शिरोळकडचा माणूस, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत दुकान. अंगानं काटकुळा, खिशाला तीन पेनं, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ता कुणीतरी याला फसवणार आहे आणि याला ते आधीच कळलंय. स्कूटर लावली की प्लगची टोपी काढून खिशात घालायचा. मी एकदा म्हटलं, "पावणं, कॉलेजच्या आवारातनं कोण न्हेतंय तुमची स्कूटर? मी बसलोय की हितं."

"म्हणून तर काढली," तो म्हणाला.

अशा माणसाशी काय बोलायचं? मी चहा करायचो. आख्खं कॉलेज माझ्या चहाची वाट बघायचं. हा गडी घरनं बाटलीत चहा घेऊन यायचा, आणि माझ्यासमोर बसून, माझा कप बाजूला सारून, स्वतःचा गार चहा प्यायचा. तेव्हापासून मी त्याच्यावर जास्तच नजर ठेवली. जो माणूस दुसऱ्याच्या चहावर विश्वास ठेवत नाही, त्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं असणार, असं मला वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

त्याच्या तोंडात दोनच वाक्यं. एक, "कोण म्हणतंय?" आणि दुसरं, "टेस्ट पेज काढा, मग बोलू." ऑफिसातला कुणी म्हणाला, प्रिंटर बिघडलाय, की हा विचारणार, "कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय की."

"तुमी न्हवं. प्रिंटर काय म्हणतोय?"

मग तो प्रिंटरचं बटण दाबून धरायचा. मशीन घरघरायचं आणि एक पान बाहेर यायचं. कुणी काही न पाठवता प्रिंटरनं स्वतःच छापलेलं. त्यावर खाली बारीक अक्षरात, आजवर किती पानं काढली तो आकडा. पान नीट आलं म्हणजे प्रिंटर धडधाकट, दुखणं दुसरीकडं. मग वायर, मग डबा, मग ती एसीची बंद खोली. पानसुद्धा तो नुसतं बघायचा नाही. गालाला लावायचा. "दमट हाय. ह्यो कागद अडकणारच. रिम खिडकीजवळ कुणी ठेवलं?" रिम मीच ठेवलेलं असायचं. 

आता डबा म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आधी प्रत्येक टेबलाखाली मोठे कॉम्प्युटर होते. मग ते काढून छोटे काळे डबे आणले, दोन बोटं जाड पुस्तकाएवढे. सगळे सारखे, एका आईच्या पोटचे म्हणावेत तसे. मी त्याला विचारलं, एवढ्याशा डब्यात सगळं कसं मावतं? तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी चार शब्द नीट बोलला.

"मावत न्हाय. ह्यात डोकंच न्हाय, मामा. डोकं सगळं त्या एसीच्या खोलीत. तिकडं मुकादम बसलाय असं समजा, आन् ह्ये डबं म्हंजे टोळीतलं गडी. मुकादम कागद पाठवताना गड्याचा नंबर घेऊन हाक मारतो. सातव्या, घे! गडी कुठं उभा हाय त्ये त्यो बघत न्हाय. सातवा घेतो, आन् त्याच्या शेपटाला जो प्रिंटर बांधलाय त्यातनं कागद निघतो."

प्रत्येक डब्याच्या पोटाला त्यानं एक बारकी चिठ्ठी चिकटवली होती, पेनानं नंबर घालून. कुठला नंबर कुठल्या खोलीत हे तो कुणालाच सांगायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "तुमास्नी कशाला पायजे?" शिवाय त्याची एक वही होती. प्रत्येक फेरीला प्रत्येक प्रिंटरचा आकडा त्यात उतरवायचा, आणि त्या वेळी खोलीत जो कोण असेल त्याची शेजारी सही घ्यायचा. बहुतेक वेळा मीच असायचो. माझी सही म्हणजे नाव आणि आडनाव, सुटी अक्षरं, वरची रेघ शेवटी ओढायची. वेळ लागायचा. तो घाई करायचा नाही, एवढं कबूल करायला पाहिजे.

एकदा प्रिंटर थंड व्हायची वाट बघत बसलो असताना त्यानं गावच्या पुराचं सांगितलं. कृष्णेचं पाणी चढत होतं आणि दवंडीवाला सांगत होता, काळजी नको, पाणी उतरतंय. सगळं गाव निवांत. ह्यानं आपल्या पायरीवर कोळशानं रेघ मारली आणि समोर बसला. रेघ बुडाली. उठला, दोन म्हशी सोडल्या, म्हातारीला पाठीवर घेतलं आणि निघाला. लोक हसले. "मग?" मी विचारलं. "मग काय? हसायला कोण उरलं नव्हतं गावात, सगळी शाळंच्या माडीवर," तो म्हणाला आणि पेन काढून आकडा लिहायला लागला. मला वाटलं, बढाया मारतोय. मीही त्या वेळी त्याला विचारायला पाहिजे होतं, कोण म्हणतंय?

खंडेनवमीची गोष्ट माझी स्वतःची. बत्तीस वर्षं त्या दिवशी सुट्टी असली तरी मी कॉलेजात जायचो. एकटा. पहिली काही वर्षं टोलाची घंटा, कुदळ-फावडी आणि सायक्लोस्टाईलचं मशीन पुजलं. मग टाइपरायटर आले, मग कॉम्प्युटर. ज्याच्यावर आपलं पोट चालतं ते धुवून पुसून, ओळीनं मांडून, हळद-कुंकू लावून पुजायचं. नोकरीचं काम म्हणून नव्हे, ते माझं काम होतं. आणि मला कुणी शिकवलेलं नाही तरी एवढं कळतं की देव टेबलाखाली बसवून पुजत नाहीत.

त्या वर्षी मी सगळे डबे काढले, वायरी सोडवल्या, आणि माझ्या खोलीत पाटावर घंटेपुढं ओळीनं मांडले. खोल्यांच्या ओळीप्रमाणं. पोटाला मळकट चिठ्ठ्या होत्या. दुकानदारानं किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या असाव्यात असं वाटलं. खरं सांगतो, नक्की असंच वाटलं का, की त्या माणसाची खूण असेल असं मनात येऊनही मी बोट चालवलं, हे मला आज सांगता येत नाही. खोबरेल तेल लावून सगळ्या घासून काढल्या. डबे असे चकचकीत झाले की बघत राहावं. नारळ फोडताना पाणी उडालं, म्हणून दोन डबे झटकन उचलून पुसले आणि परत ठेवले. मग झेंडू, उदबत्ती. संध्याकाळच्या आत सगळे डबे आपापल्या खोलीत लावून, चालू करून, हिरवे दिवे बघून मी घरी गेलो.

मधे दिवाळी झाली. सगळं सुरळीत चाललं होतं. ऑफिसातले डबे बरोबर बसले होते, आणि परीक्षा विभागात परीक्षेपर्यंत काही छापायचं नसतं.

मग परीक्षा आली. आता प्रश्नपत्रिका गठ्ठ्यातनं येत नाही. पेपर सुरू व्हायच्या तासभर आधी ती कॉम्प्युटरवर येते, आणि कॉलेजनं छापून घ्यायची. परीक्षा विभागाच्या खोलीत फक्त मॅडम, म्हणजे परीक्षेचं काम बघणाऱ्या क्लार्क, आणि दाराबाहेर स्टुलावर मी. पहिल्याच पेपरला मॅडमनी छापायचं बटण दाबलं. प्रिंटर गप्प. परत दाबलं. परत गप्प. पळापळ झाली. प्राचार्यांनी ऑफिसातल्या प्रिंटरवर स्वतः उभं राहून पेपर छापून घेतला, मुलं वेळेवर बसली. सगळ्यांनी घाम पुसला.

दुपारी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. कॉम्प्युटर सांगत होता की परीक्षा विभागातनं पेपर दोनदा छापून झालाय. मग ते कागद कुठं आहेत?

"सर, मी तिथंच बसलो हुतो की ओ," मॅडम रडायच्या बेतात. "एक कागद आला न्हाय."

"कागद आले नाहीत आणि मशीन म्हणतं आले. खोलीत तुम्ही, दारात मामा. पेपर बाहेर गेला असेल तर आपलं परीक्षा केंद्र जाईल, समजतंय का?"

त्यांनी माझी जेवणाची पिशवी मागितली. मी दिली. त्यांनी टेबलावर उलटी केली. भाकरीचं फडकं, चष्म्याचं घर, तंबाखूची डबी. निवृत्तीला सहा महिने राहिले होते माझ्या. मी त्या डबीकडं बघत उभा राहिलो. कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

मग त्याला बोलावलं. आला, प्लगची टोपी काढली, वर आला. प्राचार्यांनी सगळं सांगितलं.

"पेपर गायब झालाय, असं कोण म्हणतंय?"

"अहो, कॉम्प्युटर म्हणतोय!"

"त्यो मुकादम हाय. त्यानं हाक मारली येवढंच त्याला म्हाईत." परीक्षा विभागात जाऊन त्यानं प्रिंटरचं बटण दाबलं. पान आलं. वहीतला आकडा बघितला. "मागच्या फेरीनंतर ह्येच एक पान. सकाळी हितनं काय बी निघालेलं न्हाय. मॅडम, डोळं पुसा."

मग त्यानं डबा उचलून उलटा केला. पोट स्वच्छ. त्यानं नाक लावलं. आणि माझ्याकडं बघितलं. माझ्या केसांना रोज खोबरेल तेल असतं.

"डबा कुणी हलवला?"

"मला काय म्हाईत," मी म्हटलं. नुकतीच माझी पिशवी उलटी झाली होती. आणखी खाली मान घालायची माझी तयारी नव्हती.

 तो एसीच्या बंद खोलीत गेला, सात नंबरच्या, म्हणजे परीक्षा विभागाच्या, डब्याला एक पान पाठवलं आणि बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिला. "आता कुणी बोलायचं न्हाय," म्हणाला. प्राचार्य, मॅडम, तो आणि मी. आम्ही चौघे श्वास धरून उभे. सगळं कॉलेज शांत. आणि व्हरांड्याच्या पार टोकाला, बंद दाराआड, घर्र घर्र असा आवाज आला. जिमखान्याची खोली. कॅरम, दोरखंड, वर्षाकाठी एकदा प्रशस्तिपत्रकं छापायचा प्रिंटर, आणि बाहेर हे एवढं कुलूप.

"मामा, किल्ली," प्राचार्य म्हणाले.

माझा हात कमरेवरच होता. कुलूप उघडताना किल्ल्यांचा जो आवाज झाला तो आजही कानात आहे. आत प्रिंटरच्या तोंडाशी कागद पडले होते. प्रश्नपत्रिका.

"या खोलीची किल्ली फक्त तुमच्याकडं असते ना?"

"थांबा साहेब," तो म्हणाला. "टेस्ट पेज काढा, मग बोलू." बटण दाबलं. वही उघडली, आकडा मोठ्यानं वाचला. "चारशे बारा हुतं. आता चारशे बावीस. म्हंजे धा पानं. पेपर चार पानांचा, दोन बार, आठ. मी आत्ता पाठवलेलं एक. ह्ये एक. मोजा." मॅडमनी मोजली. दहा. "एक पान बी ह्या खोलीतनं भाईर गेल्यालं न्हाय."

"आन् मामा सकाळपासनं स्टुलावरनं हललं न्हाईत, मी बघत हुतो," मॅडम म्हणाल्या.

पेपर फुटला नव्हता. माझ्या अंगात जीव आला. पण प्राचार्य हुशार माणूस. म्हणाले, "मग या दोन खोल्यांचे डबे बदलले कुणी? नंबर कुणाला माहीत आहेत?"

"मला."

"आणखी?"

"कुणाला न्हाय. मी कुणाला सांगत न्हाय."

प्राचार्य माझ्याकडं वळले. "मामा, खंडेनवमीला पूजा केलीत तेव्हा डबे हलवले होते?"

"जाग्यावरच पुजलं," मी म्हटलं.

बोलून गेलो. त्या क्षणी मी स्वतःला सांगितलं की याच्यावर माझा पहिल्यापासून संशय होता, यानंच काहीतरी केलं असेल. हा गार चहा पिणारा, वास घेणारा माणूस. पण पाटावरचे दोन ओले डबे माझ्या डोळ्यासमोरनं हलत नव्हते.

प्राचार्य त्याला शांतपणे म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. आम्ही दुसरं बघतो."

तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्यानं दोन डबे आपापल्या जागी नेले, नव्या चिठ्ठ्या लावल्या, वहीत लिहिलं. मग वही माझ्यापुढं धरली. डबा पाच आणि सात यांची अदलाबदल. कुणी केली, तिथं जागा कोरी सोडलेली. "सही, मामा. खोलीत हजर म्हणून." मी सही केली. वरची रेघ वाकडी गेली. खाली जाऊन त्यानं खिशातली टोपी प्लगला बसवली आणि गेला.

त्याच्या जागी एका कंपनीचा माणूस यायला लागला. हसतमुख, गोड बोलणारा. माझा चहा दोनदा मागून प्यायचा. प्रिंटर बिघडलाय म्हटलं की मान डोलावून नवीन भाग घालायचा. टेस्ट पेज त्यानं कधी काढलं नाही. मला त्याचा राग का यायचा ते कळेना. घरी जेवायला बसलो की ती उलटी केलेली पिशवी आठवायची. भाकरीचं फडकं, चष्म्याचं घर. आणि मग ती कोरी जागा.

दोन आठवडे मी हट्टानं काढले. मग एका रविवारी चालत लक्ष्मीपुरीत गेलो. बोळात, जिन्याखाली त्याचं दुकान. फळीवर उघडे प्रिंटर, प्रत्येकाच्या झाकणावर त्याच्या सहीची कागदी पट्टी. तो एका रोलरवरची शाई पुसत होता.

"डबं मी हलवलं," मी दारातनंच म्हटलं.

त्यानं मान वर केली नाही. "कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय. खंडेनवमीला. पाटावर मांडून पुजलं. चिठ्ठ्या बी मीच काढल्या, खोबऱ्याच्या तेलानं."

आता त्यानं रोलर खाली ठेवला. "वास आलता मला."

"मग तिथंच बोलला का न्हाईसा? तुमचं काम गेलं की!"

"वासाचं टेस्ट पेज निघतंय व्हय, मामा? हलवताना मी बघितलं नव्हतं. बघितलं न्हाय ते मी कुणाच्या नावावर घालत न्हाय."

 एवढी वर्षं मी या माणसाच्या डोळ्यात संशय बघत होतो. त्यानं तो कधी कुणाच्या अंगावर टाकला नव्हता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. टाकला होता तो मी.

मी म्हटलं, "वही द्या." त्यानं ते पान काढलं. कोऱ्या जागेत मी माझं नाव लिहिलं. सावकाश, सुटी अक्षरं, वरची रेघ शेवटी. या वेळी सरळ ओढली. त्यानं वही उजेडाकडं धरली, मागची चार पानं उलटली, आणि माझ्या जुन्या सह्यांशी ती एकेक अक्षर ताडून बघायला लागला.

"अवो, समोर बसून लिवलंय मी!"

"जुळतीया," तो म्हणाला. "आता ही साहेबास्नी दावा."

"तुमीच दावा की."

"मी दावली तर साहेब म्हणतील, ह्यानंच लिवलं." मग मी वही नेली असं त्यानं एका चिठ्ठीवर लिहिलं, आणि त्यावरही माझी सही घेतली.

सोमवारी मी वही प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "मामा, तुम्ही?"

"व्हय, मी. हलवलं मी आन् खोटं बी मीच बोललो. त्या माणसाला परत बोलवा. आन् साहेब, माझी पिशवी उलटी केलीसा, तेवढं बरं न्हाई केलंसा."

 मला लेखी समज मिळाली. परीक्षा विभागाची आणि जिमखान्याची, अशा दोन किल्ल्या माझ्या जुडग्यातनं काढून घेतल्या. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा जुडगा हलका झाला. तो हलकेपणा मला चालताना रोज कळायचा. निवृत्तीपर्यंत मी फाटकावर बसलो.

तो परत आला तेव्हा मीच फाटक उघडलं. त्यानं स्कूटर लावली, प्लगची टोपी काढून खिशात घातली. हातात चहाची बाटली होतीच. मॅडमनी किल्ली दिली, मी त्याच्याबरोबर वर गेलो. परीक्षा विभागात सात नंबरचा डबा आपल्या जागेवर बसलेला, हिरवा दिवा लागलेला.

"मामा, परत हलवलासा काय?"

"न्हाय," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली. मग डबा उचलला, उलटा केला, आणि डोळे मिटून वास घेतला.